उद्यमनगरातला एक दिवस : नव्या रंगातले जुने सामान



तुमच्यापैकी बहुतेकांनी कोल्हापूर पाहिलेले असेल. अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळ्यावर फेरी झाली, पोरांना नवा राजवाडा दाखवला, की आपले कोल्हापूर संपते. आज मी तुम्हाला याच शहरातल्या एका निराळ्या वस्तीत नेणार आहे. तिथे देवळाचा कळस नाही आणि तळ्याकाठची भेळही नाही. पण तुमच्या दारात जुनी जीप किंवा जुना ट्रॅक्टर उभा असेल, तर तुमच्या घरातल्या माणसांच्या जिवाचा त्या वस्तीशी संबंध आहे. वस्तीचे नाव शिवाजी उद्यमनगर.

मी तिथे हौसेने गेलो नाही. का गेलो ते आधी सांगतो. त्यात माझी स्वतःची चूक आहे आणि ती लपवून पुढे गेलो तर तुम्हाला काही सांगण्याचा अधिकार मला राहणार नाही.

आमचे घर राधानगरी तालुक्यातले. शेती थोरले बंधू पाहतात. मी कृषी खात्यात नोकरीला. दारात १९९८ सालची डिझेल जीप आहे. दूध डेअरीला पोचवायचे, खताची पोती आणायची, रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, सगळे तिनेच केले. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली, की तपासणी करून तिची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तीही आम्ही वेळच्या वेळी घेतली. जीप म्हातारी झाली आहे, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी ती आपली आहे.

गेल्या माघात तिच्या ब्रेकचे तेल गळू लागले. गावातल्या मेकॅनिकने पाहिले आणि मास्टर सिलिंडर गेला म्हणून सांगितले. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या पेडलमागे एक लोखंडी नळकांडे असते. पेडल दाबले, की त्यातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो आणि ते तेल नळ्यांतून चाकांपाशी जाऊन ब्रेक लावते. रंगपंचमीच्या पिचकारीसारखेच म्हणा ना. दट्ट्याला रबरी वाटी असते. ती नळकांड्याला घट्ट बसली तरच तेलाला दाब मिळतो.

नवा सिलिंडर आणायला मी स्वतः बाजारच्या गावी गेलो. दुकानदार म्हणाला, "जुन्या मॉडेलचा आहे, कंपनीकडनं मागवावा लागेल. पंधरा-वीस दिवस धरा." आणि लगेच त्याने फळीवरून एक काळा चकचकीत सिलिंडर काढून माझ्यापुढे ठेवला. "हा रिकंडिशन आहे साहेब. अगदी नव्यासारखा. तुमचा जुना द्या आणि हा घेऊन जा." किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. साखरपुडा चार दिवसांवर आला होता, गाडी लागणार होती. मी म्हणालो, "चालतंय." पावती मागितली नाही. आत काय बदलले, विचारले नाही. आमचा जुना सिलिंडर मागे ठेवून हा घेऊन आलो.

साखरपुडा कोकणात, कणकवलीच्या बाजूला. सकाळी निघालो. आई, वहिनी, माझी पत्नी, दोन सुना, एक लेकरू, मी आणि गाडी चालवायला पुतण्या, असे आठ जीव. दाजीपूर मागे पडले आणि फोंडा घाटाची उतरती वळणे सुरू झाली. तीन-चार वळणे झाली असतील, पुतण्या हळूच म्हणाला, "काका, पेडल खाली चाललंय." मला वाटले पोर घाबरले असेल. त्याने पेडल दोन-तीनदा दाबले, ते वर आले, आणि पाय ठेवल्याबरोबर पुन्हा खाली खाली जाऊ लागले. तेल कुठे गळत नव्हते. ते नळकांड्यातल्या नळकांड्यातच मागे सरत होते.

पोराने डोके शांत ठेवले म्हणून आज मी हे लिहितो आहे. त्याने दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला खडीचा ढीग पडला होता त्यावर जीप चढवली. धक्का बसला. आईचे कपाळ पुढच्या दांडीवर आपटले. खाली फोंड्याला डॉक्टरांनी तिला दोन टाके घातले. बाकी कुणाला खरचटलेही नाही.

टाके घालून झाल्यावर आई एवढेच म्हणाली, "गावोगाव बी-बियाणं पारखून घ्या म्हणून सांगत फिरतोस, आन् घरच्या आठ जिवांचं सामान न पारखता आणलंस व्हय रं?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. गेली तीस वर्षे मी तुम्हाला सांगत आलो, की पिशवीवरचे लेबल पाहा, लॉट नंबर पाहा, पक्की पावती घ्या. घरचे सोयाबीन बी म्हणून वापरायचे तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, किती उगवतात ते पाहा, सत्तरच्या खाली आले तर तसे पेरू नका. आणि हाच मी, एका काळ्या रंगाला भुललो.

पुढच्या शनिवारी तो सिलिंडर पिशवीत घातला आणि कोल्हापूरची एसटी धरली. नक्की काय झाले ते जाणत्या कारागिराच्या तोंडून ऐकायचे होते.

राधानगरीहून कोल्हापूरचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. भोगावती नदीची सोबत, दोन्ही अंगांना ऊस, परित्याजवळ साखर कारखाना, वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग. त्या रांगेतले निम्मे ट्रॅक्टर जुने दिसत होते. एरवी मी ऊस पाहतो, लावण कधीची, पाने पिवळी का, हे पाहतो. त्या दिवशी मात्र माझी नजर त्या ट्रॅक्टरांच्या चाकांवरून हलत नव्हती. यांच्यातल्या कितींच्या पोटात नव्या रंगातले जुने सामान असेल?

रंकाळा स्टँडवर उतरून शहर ओलांडले आणि उद्यमनगर गाठले. पार्वती टॉकीज हे नाव सांगितले की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. कोल्हापूरची नावाजलेली फडतरे मिसळ याच वस्तीतली, त्यामुळे काही पाहुणे नुसते मिसळीसाठीच इथे येतात आणि शेजारच्या गल्लीत काय चालते ते न पाहता परत जातात. आपण तसे करायचे नाही. मिसळ आणि स्लाइस पाव खाऊन घ्या, नाक-डोळे पुसा आणि पुढच्या गल्लीत शिरा.

पहिल्यांदा कान भरतात. लेथचा एकसुरी आवाज, ग्राइंडरची किंकाळी, ऐरणीवरचा घाव. मग नाकाला कळते : तापलेले लोखंड, कूलंटचे आंबूस पाणी, डिझेल. दहा-दहा फुटांच्या गाळ्यांत एकेक यंत्र आणि त्यापुढे वाकलेला एकेक माणूस. एकाचे काम फक्त गिअरचे दात, दुसऱ्याचे फक्त स्प्रिंगा, तिसऱ्याचे फक्त बुश. या भागात ऊस वाढला, गुऱ्हाळे आली, नदीचे पाणी उचलायला ऑइल इंजिने आली. ती बिघडली की दुरुस्त करणारे हात लागले. त्या हातांनी दुरुस्ती करता करता सुटे भाग बनवले, मग पुरी इंजिनेही बनवली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या मोटारी आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना ओतीव भाग पुरवतात. म्हणजे हे आपल्याच शेतीच्या बांधावर वाढलेले झाड आहे.

माझ्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री इथे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्यापुढे मी सिलिंडर ठेवला. त्यांनी तो हातात फिरवला, नखाने रंग खरवडला आणि म्हणाले, "साहेब, रंग मातुर लई झ्याक दिलाय."

रंगाखाली गंजाचे व्रण होते. एका कडेला पंचाने मारलेले तीन बारीक ठिपके होते. मामा म्हणाले, "काही कारागीर उघडला की खूण करत्यात. म्हंजे ह्यो तीनदा तरी उघडलाय. तुमी घेतलासा तवा ह्येची चौथी बारी असंल."

मग त्यांनी आतले रबर काढले, नळकांडे पुसले आणि आत डायल गेज घातले. हे गेज म्हणजे घड्याळासारखी तबकडी. भोकाचा व्यास किंचितही बदलला तरी काटा हलतो. तोंडापाशी काटा एका जागी होता, मध्यावर नेला तेव्हा तो पुढे सरकला. मामांनी मला मोजायला लावले. सात थाऊ. थाऊ म्हणजे एका इंचाचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारही नाही, एवढा फरक. पण ब्रेकच्या दट्ट्याला तेवढा पुरेसा आहे.

हे कसे होते ते नीट समजून घ्या. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे तेल बदलले नाही, की त्या पाण्याने नळकांड्याच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडतात. दुरुस्त करणारा दगडाने आतून घासून ते खड्डे काढतो. याला होनिंग म्हणतात. खड्डे गेले, पण भोक मोठे झाले. पहिल्या वेळी ते चालून जाते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घासले, की भोक वाढत जाते आणि रबरी वाटी मात्र मूळ मापाचीच राहते. नवे रबर काही दिवस अंग फुगवून वेळ मारून नेते. सपाट रस्त्यावर आपण पाय ठेवतो आणि उचलतो, तेव्हा काही कळत नाही. घाटात पाय दाबून धरावा लागतो, ब्रेक तापतात, आणि मग तेल वाटीच्या कडेने मागे सटकते.

"मग हे बरोबर कसं करायचं?" मी विचारले.

"आतनं मोठं बोअर करायचं, पितळंची न्हाईतर स्टेनलेसची स्लीव्ह बशिवायची, आन् ती मूळ मापाला आणायची. काम हुतंय साहेब. पर येळ लागतोय आन् पैकं पडत्यात. ज्येनं ह्ये केलंय त्येनं घासलं, रबर टाकलं, रंग मारला. झालं काम."

तेवढ्यात एक पोरगा दुसऱ्या गाडीचे रबर डिझेलमध्ये बुडवू लागला. मामा त्याच्यावर कडाडले. ब्रेकचे रबर रॉकेलने किंवा डिझेलने धुतले की फुगते आणि कुजते. ते ब्रेकच्या तेलानेच धुवायचे असते. हेही लक्षात ठेवा, कारण आपल्या गावात सगळे सामान डिझेलनेच धुतात.

त्या दिवशी मामांनी मला हाताला धरून चार-पाच गाळे दाखवले. जुन्या गाडीचे कुठले सामान कसे दुरुस्त होते आणि त्यात खोट कुठे राहते, ते पाहिले. थोडक्यात सांगतो.

पहिला गाळा क्रँकशाफ्ट घासण्याचा. इंजिनाचा हा कणा झिजला की ग्राइंडिंग करून गुळगुळीत करतात आणि त्याला जाड बेअरिंग बसवतात. दहा थाऊ, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्यापलीकडे शाफ्ट बारीक होतो. शिवाय घासताना कोपऱ्यात जी गोलाई असते ती राखावी लागते. घाईचा कारागीर तिथे काटकोन करतो, आणि मग शाफ्ट नेमका त्याच कोपऱ्यात तडकतो. बाहेरून दोन्ही शाफ्ट सारखेच चमकतात.

दुसरा गाळा स्टार्टरचा. जुना स्टार्टर उघडतात, जळालेली वायंडिंग नवी भरतात, कार्बन बदलतात, बॅटरीला लावून फिरवून दाखवतात. "बगा, कसा पळतोय!" पण मामांनी मला कोपर मारून विचारले, "साहेब, बाजारात बैल घेताना नुसता चालवून बगतासा का औताला जुपून?" मला एकदम उमगले. मोकळा फिरणारा स्टार्टर म्हणजे दावणीला डौलात उभा असलेला बैल. शिंगे रंगवलेली, अंगाला तेल चोळलेले. इंजिनाचे ओझे मानेवर आले, आणि तेही इंजिन तापलेले असताना, की खरे कळते. बुश झिजलेले तसेच ठेवले असतील तर आतले भाग एकमेकांना घासतात आणि नवी वायंडिंगही थोड्या दिवसांत जळते.

तिसरा गाळा क्लचचा. प्लेटला नवे अस्तर रिबीट मारून बसवतात, पण मधल्या चकतीचे खाचदार भोक झिजलेले असते ते कुणी पाहत नाही. प्रेशर प्लेट घासून सपाट करतात, पण त्यामागच्या स्प्रिंगा थकलेल्या असतात. परिणाम असा, की रिकामी गाडी चालते आणि खताची पोती भरून चढाला लागली की क्लच घसरतो.

चौथा गाळा मात्र मन प्रसन्न करणारा होता. डिझेल पंपाचा. खोली दवाखान्यासारखी स्वच्छ. पंप टेस्ट बेंचवर बसवला होता, आणि त्यातून निघणाऱ्या चार नळ्यांचे डिझेल चार काचेच्या मोजनळ्यांत पडत होते. ठरावीक फेऱ्या झाल्यावर चारही नळ्यांत डिझेलची पातळी सारखी आली पाहिजे. एकीत कमी होती. कारागिराने पंप उघडला, जुळवला, पुन्हा लावला. चार वेळा असे केले. मग आकडे कागदावर लिहिले आणि तो कागद गिऱ्हाइकाच्या पावतीला टाचला. त्याचा भाव शेजारच्यापेक्षा जास्त होता, आणि त्याच्याकडे रांगही नव्हती.

मी मामांना विचारले, "जुन्या गाड्यांच्या सामानात एवढी खोट का वाढली?"

त्यांनी गाळ्यामागचा ढीग दाखवला. जुने स्टार्टर, सिलिंडर, प्लेटा, पंप. यालाच मूळ माल म्हणायचे. तुम्ही-आम्ही जुना भाग देऊन रिकंडिशन घेतो, तेव्हा आपला भाग या ढिगात जातो. गाडीचे मॉडेल बंद झाले, की कंपनीकडून नवा भाग येणे कमी होते किंवा थांबते. मग तोच तो जुना भाग फिरत राहतो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. दर खेपेला थोडे लोखंड घासून जाते आणि दर खेपेला नवा रंग चढतो. जो भाग कधीच भंगारात जायला हवा होता, तोही परत फळीवर येतो. एकाच शेतात खत न घालता वर्षानुवर्षे ऊस घेतला तर जमिनीचे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

याचा अर्थ जुना भाग पुन्हा नव्यासारखा करताच येत नाही, असा नाही. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीने १९४९ सालीच पॅरिसजवळ जुनी इंजिने पुन्हा घडवण्याचा कारखाना काढला. नीट काम करायची रीत जगभर एकच आहे. भाग पूर्ण सुटा करायचा, धुवायचा, प्रत्येक तुकडा मोजायचा, मापात नसेल तो फेकायचा, झिजणारे सगळे भाग बदलायचे, मग ओझ्याखाली चालवून पाहायचे आणि हमी लिहून द्यायची. आपल्याकडे 'रिकंडिशन' हा एकच शब्द या सगळ्यालाही लावतात आणि घासून रंग मारलेल्यालाही लावतात.

मी जरा तावात म्हणालो, "मामा, ही सरळ फसवणूक आहे."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. हात पुसत म्हणाले, "हाय. काही जण फशिवत्यात. पर साहेब, मी बी पयल्यांदा स्लीव्ह टाकूनच द्यायचो. गिऱ्हाईक इचारायचं, शेजारी निम्म्यात करून देतोय, तुमीच का जास्त घेताय? माप किती आलं, ह्ये इतक्या वर्सांत कोन इचारायला आलं न्हाई. समदी भाव इचारत्यात. तुमी तरी काय इचारलंसा?"

मी काय विचारले होते? काहीच नाही. "चालतंय" म्हणालो होतो.

संध्याकाळी घरी आलो आणि आई-वहिनींना सगळे सांगितले. वहिनी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, भांड्याला कल्हई केली म्हणून भोक बुजतं व्हय? आमी आदी भांडं उजेडाकडं धरून बगतो, मग कल्हईला टाकतो." एका दिवसात उद्यमनगरात जे शिकलो, ते वहिनींनी दोन वाक्यांत सांगितले.

आता तुमच्या-माझ्या उपयोगाचे सांगतो.

ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे रिकंडिशन सामान फळीवरून उचलू नका. कंपनीचे नवे मागवा, पंधरा दिवस थांबावे लागले तरी थांबा. नवे मिळतच नसेल, तर माहितीच्या कारागिराकडून आपलाच भाग स्लीव्ह घालून मूळ मापाला आणून घ्या.

बाकीचे सामान दुरुस्त करून घ्यायला हरकत नाही, पण शक्यतो आपलाच भाग दुरुस्त करून घ्या. जुना देऊन दुसऱ्याचा घेतला, तर त्याचा इतिहास आपल्याला कळत नाही. आपली गाय कितव्या वेताची ते आपल्याला ठाऊक असते.

काढलेले जुने तुकडे पिशवीत घालून परत मागा. बुश बदलले म्हणतो तर जुने बुश दाखवू द्या. पावतीवर काय काय बदलले, किती मापाला आणले आणि हमी किती दिवसांची, ते लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो महाग आहे.

स्टार्टर बसवला की इंजिन चांगले तापू द्या, बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करून पाहा. क्लचची परीक्षा ओझे भरून चढावर घ्या. डिझेल पंपाचे आकडे कागदावर मागा. ब्रेकचे तेल दोन वर्षांतून एकदा तरी बदला.

आणि सर्वांत सोपी परीक्षा ब्रेकची. ही घरातली कुणीही बाई किंवा शाळकरी पोरही करू शकते. गाडी सपाट जागी उभी करा, गिअर काढा, चाकांना दगड लावा, इंजिन सुरू करा. ब्रेक जोरात दाबा आणि पाय तसाच धरून साठपर्यंत मोजा. पेडल जागेवर राहिले तर ठीक. हळूहळू खाली जाऊ लागले, तर बाहेर तेलाचा थेंब दिसत नसला तरी गाडी रस्त्यावर काढू नका. दोन पैशांचाही खर्च नाही. बी उगवून पाहण्याच्या चाचणीसारखीच ही चाचणी आहे, आणि मी ती केली असती तर आईच्या कपाळावर व्रण राहिला नसता.

आम्ही मग नवा सिलिंडर मागवला. यायला तीन आठवडे लागले. तोवर जीप दारात उभी, आणि बंधू रोज पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या बांधून डेअरीला जात होते. ज्या दुकानातून मी तो काळा सिलिंडर घेतला होता तिथेही जाऊन आलो. पावती नव्हती, तेव्हा बोलायला तोंड नव्हते. दुकानदाराने मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. फळीवर तसेच चार-पाच काळे चकचकीत सिलिंडर ओळीने मांडलेले होते. एक शेतकरी त्यातला एक हातात घेऊन किंमत विचारत होता. मी त्याला बाहेर चहाला नेले आणि आईचे दोन टाके सांगितले. त्याने तो घेतला की नाही ते मला माहीत नाही. पण निघताना तो साठपर्यंत मोजण्याची युक्ती दोनदा विचारून गेला.

तो जुना सिलिंडर मी टाकला नाही. माझ्या कार्यालयाच्या टेबलावर तो असतो. शेतकरी मेळाव्याला जाताना ओले गोणपाट आणि शंभर दाणे घेऊन जातो, त्यांच्या शेजारी आता हेही ठेवतो.

मे महिन्यात लग्नासाठी पुन्हा कोकणात जायचे ठरले. सगळे आवरून अंगणात आले. आई जीपपाशी येऊन थांबली, पण चढेना. पुतण्याला म्हणाली, "आदी मोज."

पुतण्याने पेडल दाबून धरले. आई दाराशी उभी राहून बोटांची पेरे मोजत मोठ्याने आकडे म्हणू लागली. नातवंडेही तिच्या सुरात सूर मिसळून मोजू लागली. पन्नास झाले, पंचावन्न झाले, साठ झाले. पेडल होते तिथेच होते.

मग तिने पदर खोचला आणि जीपमध्ये पाय ठेवला.